कूलर बंद करून पाहायचे सिनेमे

एकट्या माणसाचे सिनेमे नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी पाहू नयेत. बाहेर नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, महाल भागातल्या गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, म्हणजे निर्मनुष्य बेटाचा माहोल फुकटात. पण खिडकीत कूलर घरघरत असतो आणि या सिनेमांतली शांतताच तो गिळून टाकतो.

'कास्ट अवे' (२०००) घ्या. विमान कोसळताना कानठळ्या बसतात, म्हणून हात रिमोटकडे जातो आणि आवाज कमी होतो. पुढे बेटावर पार्श्वसंगीत नाही, पक्षी नाहीत, किडेही किरकिरत नाहीत. नुसता वारा आणि लाटा. कमी केलेल्या आवाजात तेही ऐकू येत नाहीत. टीव्हीचा नाईट मोड लावाल तर आणखी बिघडेल. तो मोठा आवाज दाबतो, बारीक वर उचलतो, आणि सगळं सपाट. त्यापेक्षा रात्री दहानंतर बसावं. तासभर आधी पंप लावून कूलरच्या गवती ताट्या नीट भिजवाव्या, समोरची खिडकी उघडी ठेवून खोली गार करून घ्यावी. विमान पडेपर्यंत कूलरचा पंखा चालेल, बेट आलं की बंद. थोडा घाम पुसावा लागेल. सिनेमातला चक बिचारा चार वर्षं त्या बेटावर एकटा होता.

कादंबरीला ही अडचणच नाही. १७१९ सालचा रॉबिन्सन क्रूसो २८ वर्षं बेटावर काढतो, पण बोलायचा थांबत नाही. शाई संपत आली की पाणी घालून पुरवतो. वाचक कायम सोबतीला. कॅमेऱ्याला असं 'मी' म्हणता येत नाही, म्हणून सिनेमावाल्यांना बोलायला कुणीतरी शोधावं लागतं. 'कास्ट अवे'त चक ज्याच्याशी बोलतो तो व्हॉलीबॉल त्यातूनच आला.

'द ओल्ड मॅन अँड द सी'वाल्यांनी १९५८ साली सोपी वाट धरली आणि हेमिंग्वेच्या पुस्तकाची भाषा निवेदनात ओतली. म्हाताऱ्याच्या भूमिकेत स्पेन्सर ट्रेसी, निवेदकही तोच. जे डोळ्यांना दिसतंय तेच कानात पडत राहतं. समुद्राला बोलायला जागाच उरत नाही.

दिग्दर्शक लुई बुन्युएलच्या क्रूसोवरच्या सिनेमातही (१९५४) निवेदन आहे, पण एक प्रसंग त्याने कॅमेऱ्यासाठी राखून ठेवलाय. क्रूसो प्रतिध्वनीच्या दरीत धावत जातो आणि बायबलमधलं स्तोत्र ओरडून म्हणतो. उलट येणारा आवाज त्याचाच, पण माणसाचा तर आहे! इथे पंखा नकोच, आणि कूलरच्या टाकीचा नळही आधीच घट्ट करून ठेवावा. टाकीत पाणी सोडणाऱ्या फ्लोटमधून ठिबकणारं पाणी त्या दरीत फार मोठ्याने पडतं.