इंदूर–मांडवगड–महेश्वर: जुन्या जिप्सीच्या मागच्या थरथरीचा माग

पावसाळा सरताना इंदूरहून धार, मांडवगड आणि महेश्वर असा फेरा करून आलो. गाडी जुनी मारुती जिप्सी, तेराशे सीसीची. पुढे-मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), हातानं लावायचे फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडायची-सोडायची सोय). पंचावन्नच्या पुढे गेली की मागून थरथर सुरू व्हायची, पासष्टला अंगावर यायची, सत्तरनंतर जरा ओसरायची. हा रस्ता निवडला तो त्या थरथरीसाठीच. इंदूरच्या जवळ इतक्या थोड्या अंतरात रुंद सपाट रस्ता, पठारावरचा मोकळा पट्टा आणि विंध्याचा घाट हे तिन्ही मिळतात, आणि मागची थरथर शोधायला हे तिन्ही लागतात. शहरात ज्याला विचारलं त्यानं एक-एक सुटा भाग बदलायला सांगितलं: टायर, बेअरिंग, शॉकॲबसॉर्बर. माझं ठाम मत आहे की आधी रस्त्याला विचारावं, मग दुकानात जावं.

निघण्याआधीचं पहिलं काम पाण्याचं. आपल्या माळव्याची काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते, वाळून कडक होते, आणि बाहेरून चाक स्वच्छ दिसतं. मूठभर मातीनंसुद्धा चाकाचं संतुलन जातं. शेतातल्या किंवा कच्च्या रस्त्यावरून आलेल्या गाडीची थरथर पुष्कळदा एवढ्यावरच थांबते. "पहले धो लो, फिर बात करेंगे," असं आमच्या गल्लीतले उस्ताद नेहमी म्हणतात, आणि ते योग्यच आहे. चाकं आतून खरवडून धुतली, हवा भरली, टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का पाहिला (पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे). टायर जुने होते, पण फुगवटा कुठे नव्हता. थरथर मात्र होती तशीच राहिली.

मग मागची चाकं पुढे आणि पुढची मागे टाकली. चाकाचा दोष असता तर तो पुढे येऊन स्टिअरिंगमध्ये जाणवला असता. स्टिअरिंग शांत, थरथर सीटखालीच. या अदलाबदलीला पैसे लागत नाहीत, तरी फार थोडे लोक ती करतात.

इंदूरहून सकाळी लवकर निघा. राऊ सोडून पीथमपूरच्या अंगानं घाटाबिल्लोद गाठलं की ट्रकची वर्दळ असली तरी मधे सरळ पट्टे मिळतात. याच पीथमपुरात गाड्या तपासण्याचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. आपल्याला तो मिळणार नाही, पण शेजारच्या रस्त्यावर वेगाची मर्यादा पाळूनही बरंच कळतं. आमचे मामा मागच्या आडव्या बाकावर, बरोबर ॲक्सलच्या वर बसले होते. चालवणाऱ्याला जे कळत नाही ते तिथं बसलेल्याला कळतं, म्हणून दुसरा माणूस हवाच.

इथं तीन गोष्टी केल्या. साठला असताना क्लच दाबून इंजिन खाली येऊ दिलं: थरथर थांबली नाही. म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. (इंजिन बंद करू नका, ब्रेकचा बूस्टर जातो. आणि ही चाचणी फक्त सपाट, रिकाम्या रस्त्यावर.) त्याच वेगाला चौथ्याऐवजी तिसरा गिअर लावला: फरक नाही. मग ॲक्सिलरेटर दाबून ओढ दिली, आणि एकदम पाय काढला. ओढ देताना थरथर वाढली, पाय काढताच निम्म्यावर आली. ही खूण महत्त्वाची आहे. चाकाला किंवा टायरला ओढ आहे की नाही याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ओढीबरोबर बदलते ती शाफ्टची (इंजिनाची ताकद ॲक्सलला नेणारा दांडा), क्रॉसची (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरणारा सांधा) किंवा पिनियनची (शाफ्टनं फिरणारा ॲक्सलमधला छोटा गिअर) गोष्ट. पाट्यांच्या गाडीत ओढ पडली की पाटे पिळतात, हौसिंगचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) नाक वर उचललं जातं आणि शाफ्टचा कोन बदलतो.

थोडं गणितही करून ठेवा. २०५/७० आर १५ टायरचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास ८ फेरे घेतं. हौसिंगचं गुणोत्तर चारच्या आसपास धरलं तर मागचा शाफ्ट सेकंदाला ३२ फेरे घेतो. चाकाची थरथर म्हणून जाड, हलवल्यासारखी येते. शाफ्टची बारीक, गुणगुणणारी. आणि क्रॉसच्या कोनाचा दोष एका फेऱ्यात दोनदा धक्का देतो, म्हणजे सेकंदाला ६४. मामा म्हणाले, "हा हादरा नाही रे, मुंग्या आल्यासारखं होतंय." एवढ्यावरून चाक हे उत्तर मी मनातून काढून टाकलं.

धारला पोहे खाऊन पुढे निघालो. धार ते मांडवगड पस्तीसेक किलोमीटर, पावसानंतर डोळे निवावेत असा रस्ता. वळणांवर कान द्या: बेअरिंग गेलं असेल तर गाडी एका बाजूला झुकताना आवाज वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो. आमच्यात तसं काही झालं नाही. ब्रेक दाबतानाच थरथरली असती तर मागच्या ड्रमकडे पाहिलं असतं, तेही नव्हतं.

खरा निकाल मांडवगडावर लागला. मुक्कामाच्या जागेचं अंगण सपाट फरशीचं होतं, मालकांची परवानगी घेतली. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला असतो, त्यामुळे शाफ्ट तीन: मधला आखूड, पुढचा आणि मागचा. मागच्या शाफ्टला दोन्ही टोकांना फ्लँज (बोल्टांनी जोडायच्या चकत्या) आहेत. बोल्ट काढले की शाफ्ट हातात येतो, तेल सांडत नाही. ज्या गाड्यांत शाफ्टचं टोक थेट गिअरबॉक्सच्या किंवा ट्रान्सफर केसच्या सीलमध्ये घुसतं, त्यांत हे अंगणात करू नका. काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर पांढऱ्या रंगाची खूण करा, म्हणजे होता तसा बसेल.

शाफ्ट काढल्यावर पुढचे हब लॉक केले, फोर-हाय (चारही चाकांना ओढ) टाकला आणि जिप्सी पुढच्या चाकांवर चालवली. पार्ट-टाइम फोर-बाय-फोरवाल्यांना ही सोय मिळते आणि तिच्याइतकी स्वच्छ चाचणी दुसरी नाही. मागची चाकं, ड्रम, बेअरिंग, पिनियन सगळं फिरतंय, मधला शाफ्टही फिरतोय. थांबलाय फक्त मागचा शाफ्ट. पठारावरच्या कोरड्या, सरळ रस्त्यावर साठपर्यंत नेली. गाडी गुळगुळीत. मामांनी मागून नुसता हात वर केला. दोष मागच्या शाफ्टमध्ये किंवा त्याच्या कोनात, यात शंका उरली नाही.

एक गंभीर सूचना. मागचा शाफ्ट काढलेला असताना टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ओढ) गाडी गिअरमध्ये ठेवूनही थांबत नाही, कारण गिअरचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय खाली शिरू नका, जॅकच्या भरवशावर तर मुळीच नको. अशा अवस्थेत घाटही उतरू नका.

शाफ्ट फरशीवर ठेवून तारेच्या ब्रशनं ग्रीस काढलं आणि कारण समोर आलं. शाफ्टच्या दोन टोकांचे यॉक (क्रॉस ज्यात बसतो ते दुबेळके) एका पातळीत नव्हते. मधला स्लिप जॉइंट, जो पाटे दबताना आत-बाहेर सरकतो, तो दोन दात पुढे बसवला होता. काही महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये क्रॉस बदलले होते, तेव्हा जोड सुटा करून परत अंदाजानं घातलेला. ग्रीसखाली कारखान्याची जुनी खूणही सापडली, आणि ती जुळत नव्हती. मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण खूण पाहायला एक मिनिट पुरतं आणि न पाहिल्यानं पुढचा माणूस टायर, शॉक, बेअरिंग बदलत बसतो.

हे एवढं का बिघडवतं ते सांगतो. क्रॉस कोनात फिरताना पुढचा भाग एकसारख्या वेगानं फिरत नाही; एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक उलटी करून मिटवतो. पण त्यासाठी दोन्ही यॉक एका रेषेत हवेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. जिप्सीचा मागचा शाफ्ट आखूड, कोन मोठा, म्हणून थोडी चूकही जाणवते. उंची वाढवलेल्या गाड्यांत यॉक बरोबर असूनही थरथर येते ती कोन बिघडल्यामुळे. तिथं पाट्याखाली पाचर घालून हौसिंगचं नाक फिरवावं लागतं.

जोड सुटा केला, खुणा जुळवल्या, ग्रीस भरून बसवला. दुसऱ्या दिवशी गुजरीकडे उतरून महेश्वर गाठलं. घाटावर नर्मदेकडे पाहत बसलो तेव्हा अहिल्याबाईंच्या या गावात आल्याचं समाधान होतंच, गाडी शांत असल्याचंही होतं. परतीला एबी रोडवर (आग्रा-मुंबई महामार्ग) मानपूरकडे चढताना, सामान भरलेलं आणि ओढ पूर्ण, तेव्हा बारीकशी गुणगुण परत आली. या चढणीवर आणि विशेषतः गणेश घाटात चाचणीसाठी थांबू नका, वेग कमी-जास्त करत खेळू नका; जड ट्रक मागे असतात. घरी येऊन क्रॉस हातानं फिरवून पाहिला तर मधोमध अडकायचा. टोपी काढली, आतल्या बेअरिंगच्या सुयांचे चरे क्रॉसच्या बोटावर उमटले होते. इतके दिवस वाकड्या जोडणीनं चालल्यावर तो टिकणं कठीणच होतं. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीतून नवा आणला. घेताना ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेला घ्या आणि सर्क्लिप (टोप्या जागेवर धरणाऱ्या कड्या) खाचेत पूर्ण बसतात का ते दुकानातच पाहा.

शाफ्ट नंतर मशिनवर बॅलन्स करून घेतला. नळीवर छोटी वजनं वेल्ड केलेली असतात. एखादं पडलं असेल तर तिथं उघड्या लोखंडाचा चौकोनी डाग दिसतो, तो आधी शोधा.

सोबत काय न्यावं: फ्लँजच्या बोल्टांचे दोन रिंग पाने (घरीच लावून पाहा, रस्त्यात माप चुकतं), तारेचा ब्रश, पांढरा रंग, ग्रीस गन, विजेरी, चार लाकडी ठोकळे. ग्रीस भरताना क्रॉसच्या चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा, स्लिप जॉइंटला मात्र बेतानं. जास्त भरलं तर पाटा दबल्यावर शाफ्टला आत सरकायला जागा राहत नाही. आणि फ्लँजचे बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्या.