भोक बुजलं, पण हृदय दमलेलं

नाइट ड्युटी संपवून नागपूरच्या धंतोलीतल्या हॉस्पिटलातून घरी आले, झोप येत नाहीये. काल 4 महिन्यांच्या बाळाच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. ऑपरेशन छान झालं, तरी रात्री तळपाय गार पडले, लघवी कमी झाली. आजी सारखी विचारायची, "सिस्टर, भोक तं बुजवलं नं, मंग आता काय झालं?"

आजी, ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचं काम एक मशीन करतं, हार्ट-लंग मशीन. त्यावरून उतरलेलं हृदय दमलेलं असतं. पहिल्या 6 ते 18 तासांत त्याचा जोर बऱ्याचदा उतरतो, म्हणून पाय गार आणि लघवी कमी; डॉक्टर त्याची तयारी ठेवूनच असतात. म्हणून मिलरिनोन हे औषध. ते हृदयाला जोर देतं आणि रक्तवाहिन्याही सैल करतं, म्हणजे रक्त ढकलायला कष्ट कमी. 2003 सालच्या प्रिमाकॉर्प नावाच्या, याच औषधावरच्या अभ्यासात जास्त डोस मिळालेल्या बाळांना हा त्रास कमी झाला होता. पण बीपी पडू शकतं, आणि किडनी मंदावली तर औषध अंगात साचतं. त्यामुळे वजनावर काढलेला डोस, सिरिंज पंपातून, थेंबाथेंबानं. एवढ्याशा जिवाला किती जपून द्यावं लागतं! नळीत हवेचा बुडबुडासुद्धा चालत नाही.

पहाटे तळपाय कोमट लागले, लघवी वाढली. आजीला सांगितलं तर तिनं माझे दोन्ही हातच धरले. व्हेंटिलेटर अजून आहे, कधी काढायचा ते डॉक्टर राउंडला ठरवतील. बाळासाठी प्रार्थना करा.