चिमट्याने उचलता येणारा उत्प्रेरक

टायटॅनियम डायऑक्साइड हा प्रकाश पडला की पाण्यातल्या रंगाचे रेणू तोडणारा उत्प्रेरक. त्याची नॅनोपावडर रंगीत पाण्यात छान काम करते, पण ती परत मिळवताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. सेंट्रिफ्यूज, धुणं, वाळवणं, आणि दर फेरीत थोडी पावडर जायचीच. म्हणून उत्प्रेरक मिसळलेल्या नॅनोतंतूंची चटई पहिल्यांदा चिमट्याने अख्खी उचलली तेव्हा मला खरंच भरून आलं.

चटई बनते इलेक्ट्रोस्पिनिंगने. सुईतून पॉलिमरचं द्रावण, १०-२० किलोव्होल्टचा दाब, आणि समोरच्या पत्र्यावर केसाहून कितीतरी बारीक धाग्यांचा थर.

माझी चटई दृश्य प्रकाशावर चालायला हवी. हा हट्ट कशासाठी? टायटॅनियम डायऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे त्याला जागं करायला प्रकाशकणात लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्याला अतिनील किरणच लागतात, आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के. ग्रॅफायटिक कार्बन नायट्राइडचा गॅप सुमारे २.७, म्हणजे निळा प्रकाशही चालतो. तंतूंत मी तेच मिसळते.

मात्र रंग गेला म्हणजे रेणू तुटला असं नाही, आणि इथे मी फार काटेकोर आहे. तंतू रंग नुसता शोषूनही घेतात, म्हणून दिवा लावण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळणं आलंच. शिवाय मिथिलीन ब्लू हा चाचणीचा रंग स्वतःच ६६४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, आणि त्यानेही तो फिका पडू शकतो. त्यामुळे रंगहीन फिनॉलवरही चाचणी घेते, एकूण सेंद्रिय कार्बन मोजते. तो घटला तरच रेणू खरोखर संपला.

आज तीच चटई पाचव्यांदा पाण्यात सोडली आहे. कडा थोड्या विरल्यात.