वसंतातली सहल, पिशवीत साबण

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची महासाथ जाहीर केली, पण झाडांना कोण कळवणार? पालवी फुटलीच. त्या वसंतात बाहेर पडायचं तर सकाळी, गर्दी व्हायच्या आत. इतरांपासून दोन मीटर, म्हणजे साधारण तीन पावलं लांब राहायचं असे. सॅनिटायझर किमान ६० टक्के अल्कोहोलचं हवं. मात्र मातीने बरबटलेल्या हातांवर ते जवळजवळ वायाच जातं. म्हणून लिटरभर पाणी आणि साबणाचा तुकडा वेगळा ठेवा. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना फेस पोहोचेल असं २० सेकंद चोळा. डबा ज्याचा त्याचा. तेव्हा शिंक आली की सगळे वळून बघायचे! डोळे खाजताहेत, ताप नाही, तर बहुधा परागकणच. ताप किंवा कोरडा खोकला असेल तर घरीच थांबा.