चिंक्वे तेर्रे: आधी बाग बघा, मग बाटली घ्या

माझी ताई तासगाव तालुक्यात द्राक्षबाग सांभाळते. मी नोकरीनिमित्त जर्मनीत असते. गेल्या सप्टेंबरात ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. कुठं फिरायचं म्हणून विचारलं, तर रोम नाही, व्हेनिस नाही, "द्राक्षं जिथं होतात तिथं ने" एवढंच म्हणाली. मी इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचं चिंक्वे तेर्रे निवडलं. समुद्रकाठच्या कड्यांवर वसलेली ही पाच गावं: मॉन्तेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. रंगीत घरांचे फोटो बघून लोक तिथं जातात. आम्ही गेलो ते घरांच्या वरच्या उतारांसाठी, आणि त्या उतारांवरच्या द्राक्षांची जी वाइन गावातल्या दुकानांत मिळते तिच्यासाठी. अशा दुकानाला तिकडं 'एनोतेका' म्हणतात.

राहायला आम्ही लेव्हान्तोत खोली घेतली होती. पाच गावांच्या अलीकडचं हे गाव सपाटीवर आहे, खोल्या बऱ्याच स्वस्त मिळतात, आणि लेव्हान्तो ते ला स्पेत्सिया अशी लोकल पाचही गावांत थांबते. दोन गावांमधलं अंतर गाडीनं जेमतेम चार-पाच मिनिटांचं. 'चिंक्वे तेर्रे कार्ड' रेल्वेसकटचं घ्या. त्यात दिवसभर हव्या तितक्या वेळा चढा-उतरा करता येते आणि गावांतल्या छोट्या बसही चालतात. कार्डाचा दर दिवसाच्या गर्दीप्रमाणे बदलतो, म्हणून शनिवार-रविवार टाळलेला बरा. भाड्याची मोटार मात्र घेऊ नका. गावात गाडी नेता येत नाही, आणि वाइन चाखायची असेल तर गाडी चालवायचा प्रश्नच येत नाही.

पहिल्या दिवशी माझी चूक झाली. उतरल्या उतरल्या उत्साहानं मी एका गावात, स्टेशनजवळच्याच दुकानातून बाटली घेतली. काचेमागं उन्हात उभी होती, लेबलवर गावाचं सुंदर चित्र होतं. रात्री खोलीवर उघडली तर रंग गडद पिवळा झालेला आणि वास ठेचलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा. ताईनं नाकाजवळ नेली आणि बाजूला ठेवली. "उन्हानं गेलीय. माल उन्हात ठेवतात का कधी?" एकवीस युरो पाण्यात गेले. तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी पाळल्या. बाटली आतल्या थंड, अंधाऱ्या कप्प्यातूनच मागायची, आणि चित्राकडे न बघता लेबलवरची अक्षरं वाचायची. 'चिंक्वे तेर्रे' या नावाखाली 'देनोमिनात्सिओने दी ओरिजिने कोंत्रोल्लाता', म्हणजे 'डीओसी', असं छापलेलं हवं. ठरलेल्या भागातली, ठरलेल्या नियमांनी केलेली वाइन, अशी ती खूण. नुसतं गावाचं नाव आणि होडीचं चित्र असेल तर आतली द्राक्षं कुठलीही असू शकतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही मानारोलाला उतरलो आणि स्टेशनकडून वर चालत जाऊन वोलास्त्राची बस पकडली. वोलास्त्रा डोंगरावरचं लहानसं गाव आहे, समुद्रापासून साधारण सव्वातीनशे मीटर उंचीवर. बस वळणं घेत वर चढते आणि खिडकीतून एकदम सगळा उतार दिसतो: समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या दगडी ताली, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंती, एकीखाली एक, आणि प्रत्येक तालीवर वेलींची अरुंद पट्टी. ताई बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, एवढ्या ताली कुणी घातल्या? आणि ट्रॅक्टर कुठनं आणतात?"

ट्रॅक्टर येतच नाही. पट्टी कुठंकुठं दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढीच रुंद. ताली कोरड्या रचलेल्या आहेत, चुना नाही की सिमेंट नाही, त्यामुळे पावसाचं पाणी दगडांमधून निथळून जातं आणि भिंतीवर दाब येत नाही. सगळ्या ताली सलग मांडल्या तर हजारो किलोमीटर भरतील असं तिथले लोक सांगतात. शतकानुशतकं माणसांनी पाठीवरून दगड वाहून त्या उभ्या केल्या. याच उतारांमुळे १९९७ साली युनेस्कोनं या पट्ट्याला जागतिक वारसा म्हटलं, आणि २०१८ साली कोरडी दगडी भिंत रचण्याची कला इटलीसह आठ देशांच्या नावे वारसा यादीत गेली.

पण निम्म्याहून जास्त उतारांवर आता झुडपं माजली आहेत. तरुण पोरं पर्यटनात गेली, ताली बघायला माणूस नाही. ताल फुटली की तिच्या वरची माती सुटते, खालची ताल तो भार घेऊ शकत नाही, आणि मोठ्या पावसात सगळाच उतार खाली येतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत व्हेर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सो गावांत चिखल-दगडांचा लोंढा शिरला, माणसं गेली. पडीक उतार हे त्यामागचं एक कारण होतं. जो तिथं अजून बाग राखतो, तो खालचं गावही राखतो. त्या गावांत वाइनची बाटली घेताना मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

वोलास्त्राहून एक पायवाट कोर्निल्याकडे बागांमधून जाते. सुरुवातीचा बराच भाग सपाट आहे, त्यामुळे कोर्निल्यापर्यंत जायचं नसलं तरी अर्धा तास चालून परत या. बागा अगदी हाताशी असतात. मांडव आपल्यासारखाच, पण कमरेएवढा बुटका. समुद्राचा वारा सोसावा म्हणून तो असा ठेवतात. तोडणीला माणूस वाकून, कधी गुडघ्यांवर रांगत आत शिरतो. ताई खाली बसून घड बघत होती (हात लावला नाही, तुम्हीही लावू नका, ती कुणाची तरी वर्षाची कमाई आहे). बोस्को ही तिथली मुख्य जात. घड विरळ, साल जाड. "मोकळा घड आहे, हवा खेळते. वाळवायला एक नंबर," ती म्हणाली. नंतर वाइनच्या दुकानात आम्हाला अगदी हेच सांगण्यात आलं.

तोडणी चालूच होती. वेलींमधून एक दातेरी लोखंडी रूळ सरळ चढावर गेला होता आणि त्यावर छोट्या इंजिनाची, एका रुळाची गाडी क्रेट घेऊन कुरकुरत वर येत होती. हिला तिकडं 'त्रेनिनो' म्हणतात, म्हणजे छोटी गाडी. ती यायच्या आधी द्राक्षांची टोपली डोक्याखांद्यावर असायची. चालवणारे आजोबा आमच्याकडे बघून हसले. ताईनं नमस्कार केला, त्यांनी टोपी काढली.

वोलास्त्राहून मानारोलाकडे पायऱ्यांनी उतरताना मध्ये ग्रोप्पो लागतं. इथं पाचही गावांच्या शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी आहे, 'कांतिना चिंक्वे तेर्रे'. सहकार म्हटल्यावर आम्हा सांगलीकरांना काही समजवावं लागत नाही: सभासद द्राक्षं आणून घालतात, वाइन एकत्र होते, विक्री संस्थेची. एकाच ठिकाणी जायचं असेल तर इथंच जा. शेजारी शेजारी सगळं चाखता येतं आणि भावही गावातल्या दुकानांपेक्षा कमी. आम्ही गेलो तेव्हा साधी पांढरी पंधरा युरोच्या आसपास होती, तीच खाली बंदराजवळ बावीसला दिसली.

पांढरी 'चिंक्वे तेर्रे' १९७३ पासून डीओसी आहे. तिच्यात किमान ४० टक्के बोस्को लागतं, सोबत अल्बारोला आणि व्हेरमेन्तिनो. रंग फिका गवती, आणि शेवटी जिभेवर मिठाची बारीक चव राहते. फुलाफळांच्या सुगंधाची जोरदार वाइन आवडत असेल तर पहिला घोट बेचव वाटेल. घाई करू नका, सोबत काहीतरी खारट खा आणि पुन्हा घ्या. लेबलवर 'कोस्ता दे सेरा', 'कोस्ता दे काम्पू' किंवा 'कोस्ता दा पोसा' असेल तर ती त्या-त्या ठरावीक उताराचीच द्राक्षं असतात. तिन्ही एकामागोमाग घेतल्या तर फरक कळतो. आम्हाला कोस्ता दे सेरा सर्वांत आवडली.

आणि मग शाक्केत्रा. ही तिथली गोड वाइन, आणि ताईचा सगळा जीव हिच्यात अडकला, कारण ही बेदाण्याच्या वाटेनं जाणारी वाइन आहे. चांगले घड वेचून सावलीत, हवेशीर जागी जाळ्यांवर पसरतात किंवा टांगतात. नियमानं १ नोव्हेंबरच्या आधी ते गाळता येत नाहीत. म्हणजे सात-आठ आठवडे वाळवण. आपल्याकडे रॅकवर बेदाणा पंधरा-वीस दिवसांत होतो, कारण आपण माल आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतो, सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि पाणी झपाट्यानं उडतं. तिथं बुडवत नाहीत. मणी स्वतःच्या चालीनं आटतो, मग हातानं एकेक मणी देठापासून सोडवतात. शंभर किलो द्राक्षांतून तीस लिटरच्या आसपास वाइन हाती लागते. काउंटरमागच्या बाईंनी हे सांगितल्यावर ताईनं मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, "मग महाग नाही ही. स्वस्तच आहे." दीड पावशेराची, म्हणजे ३७५ मिलिलिटरची बाटली चाळीस युरोला होती.

ती लहान पेल्यात देतात. रंग मधासारखा. नाकाला आधी वाळलेल्या जर्दाळूचा आणि मधाचा वास, पण घोट गिळल्यावर पुन्हा तीच मिठाची चव येते, त्यामुळे गोडी जिभेवर चिकटून राहत नाही. ताईनं घोटभर घेऊन डोळे मिटले. "शेडमध्ये चौथ्या-पाचव्या दिवशी शिरलं की येतो ना वास, तो आहे हा," असं म्हणाली. मला तो वास लहानपणापासून माहीत आहे. तिचं बरोबर होतं.

कोर्निल्यालाही जाच. हे एकच गाव समुद्रालगत नाही, कड्यावर शंभर मीटर उंच बसलंय. स्टेशनपासून ३८२ पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर स्टेशनबाहेर बस मिळते. गर्दी सर्वांत कमी, आणि गल्लीतल्या छोट्या दुकानांत मालकाला बोलायला वेळ असतो. 'उन कालिचे' म्हणजे एक पेला, 'अस्साज्जो' म्हणजे चव बघायला. एवढ्या दोन शब्दांवर आमचं काम भागलं. पाच गावांतल्या काही घरच्या वाइनरी अगदी थोड्या बाटल्या काढतात. त्या निर्यातीत सापडत नाहीत, अशाच दुकानांत मिळतात. "इथल्याच माणसाची कुठली?" असं थेट विचारा. विचारल्याचा त्यांना आनंद होतो.

दुकानं दुपारी साधारण एक ते साडेतीन बंद असू शकतात, तेव्हा जेवून घ्या. ताई शाकाहारी आहे. तिचं पोट फारिनातानं भरलं. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ, मोठ्या तव्यात घालून भट्टीत भाजतात. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आपल्या धिरड्याचं जाड भावंडच. फोकाच्चा, म्हणजे तेल लावून भाजलेला जाड पाव, तोही चालतो. पेस्टोत, म्हणजे तिथल्या तुळशीच्या हिरव्या चटणीत, चीज असतं आणि त्या चीजसाठी दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ते चालत नसेल तर आधी सांगा. मासे खात असाल तर मॉन्तेरोस्सोच्या खारवलेल्या अँचोव्ही पांढऱ्या वाइनसोबत चुकवू नका. जेवणाच्या बिलात माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लावतात, ती फसवणूक नाही, तिथली रीत आहे.

पायवाटांवर चप्पल घालून जाऊ नका, दंड होतो आणि पायऱ्या खरोखरच निसरड्या आहेत. पावसाचा इशारा असेल त्या दिवशी वाटा बंद ठेवतात, सकाळीच चौकशी करा. तोडणी बघायची असेल तर सप्टेंबर. वाळत घातलेले घड बघायचे असतील तर ऑक्टोबर चांगला, पण वाइनरीला आधी ईमेल करून वेळ मागून घ्या.

भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू किंवा वाइन शुल्काशिवाय आणता येते. ताईनं ७५० च्या दोन आणि ३७५ ची एक घेतली, मिळून पावणेदोन लिटरच्या थोड्या वर. बाटल्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत. विमानतळावर काढून घेतात. तिनं प्रत्येक बाटली जुन्या सुती साडीत गुंडाळली, बॅगेच्या मधोमध कपड्यांत रोवली आणि तिन्ही धड पोचल्या.

पांढऱ्या दोन्ही तिनं घरी पोचल्यावर महिन्याभरात संपवल्या, बरोबरच केलं. साधी पांढरी साठवायची नसते. शाक्केत्रा दिवाळीत उघडली. गोडीमुळे ती उघडल्यावरही फ्रिजमध्ये बूच लावून काही आठवडे टिकते. फोनवर सांगत होती, भावजींना दिली, शेजारच्या बागाइतदारांना बोलावून चमचाभर दिली, आणि त्यातले एकजण आता दोन रॅक न बुडवता वाळवून बघणार आहेत.