रेकॉर्ड शॉट

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या बोलीत एक फार सोयीचा शब्द आहे, रेकॉर्ड शॉट. पक्षी दिसला, ओळखूही येतोय, पण फोटो धड नाही. पक्षी तिळाएवढा, समोर आडवी फांदी, नाहीतर सगळंच हललेलं. असा फोटो दाखवताना समोरच्याने काही म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायचं, ‘‘रेकॉर्ड शॉट आहे हं!’’ पापड जळला की ‘जरा खरपूस झालाय’ म्हणतात ना, त्यातलीच गत. माझ्याकडे गेल्या चार वर्षांचे रेकॉर्ड शॉट आहेत. हार्ड डिस्क भरत आली.

कॅमेरा मूळचा मुलीचा. बारावीनंतरच्या सुट्टीत हट्टाने घ्यायला लावला आणि नोकरीसाठी बंगळूरला जाताना कपाटात ठेवून गेली. आमच्या नेरुळच्या हवेत पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला बुरशी धरते, तिथे लेन्सची काय कथा! म्हणून मी तो अधूनमधून बाहेर काढून पुसायचे आणि बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या घालून पुन्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. असाच एकदा पुसताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या केबलच्या वायरीवर रोखला. वायरीवर वेडा राघू होता. हा पक्षी नवशिक्यांसाठीच जन्माला आलाय. वायरीवरून झेपावतो, हवेतल्या हवेत माशी धरतो आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. आपण त्या वीतभर वायरीवर नेम धरून उभं राहायचं, बस्स. कुकरच्या तीन शिट्ट्यांचा हिशोब होता. पुढच्या किती झाल्या ते कळलंच नाही. पण एका फोटोत राघूच्या चोचीत अख्खा चतुर होता, पंखांच्या जाळीसकट.

खिडकीतून खाडीपर्यंत पोचायला मला वर्ष लागलं. पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला उठले, रिक्षा करून पाम बीच रोड ओलांडला आणि खाडीच्या कडेला जाऊन उभी राहिले, तर समोर नजर पोचेल तिथवर चिखल आणि त्याच्या पार टोकाला एक फिकट गुलाबी रेघ. ती रेघ म्हणजे रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो. रेघेचा फोटो काढला. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘‘आज तिथी काय गं?’’ मी कॅलेंडर पाहिलं. पौर्णिमा. ‘‘मग सकाळी सहाला खाडीत काय असणार? चिखलच की!’’

सासूबाई रेवदंड्याच्या. घड्याळाआधी त्यांना भरती कळायला लागली असावी. त्यांचा हिशोब तोंडी आहे : तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पंचमी म्हटलं की त्यांच्या तोंडून ‘पावणेचार’ असं निघतं, जसं आपल्या तोंडून पाचा पाचा पंचवीस. थोडंफार मागेपुढे होतं, पण मोबाइलमधलं भरतीचं कोष्टक आणि त्यांची पाऊणपट यांच्यात फरक पडला, तर मी अजूनही आधी मोबाइलवर संशय घेते.

आणि रोहितांचं सगळं वेळापत्रक या पाऊणपटीवर चालतं. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा ते लांब आत पसरून चरतात. पाणी चढू लागलं की कडेकडेने सरकत येतात, आणि चिखल पुरता बुडाला की उडून आतल्या पाणथळींवर येऊन थांबतात. सीवूड्सचं तळं, टीएस चाणक्य या जहाजावरचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या मागची पाणथळ. त्यांना जवळून बघायचं तर भरतीलाच. ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला होड्या निघतात, त्यांच्या वेळाही भरती बघूनच ठरतात, नाहीतर होडी गाळात बसायची.

यात निसर्गाने एक खोडी मात्र करून ठेवलीय. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण आपल्याकडे येतं भर दुपारी आणि मध्यरात्री. म्हणजे पाणी सगळ्यात वर, पक्षी सगळ्यात जवळ आणि ऊन डोक्यावर. त्या उन्हात गुलाबी रंग धुतलेल्या चादरीसारखा दिसतो. शिवाय तापलेल्या चिखलावरची हवा तव्यावरच्या हवेसारखी थरथरत असते. लाखाची लेन्स लावा, पिसाची कड काही स्पष्ट येत नाही. आणि सकाळी सातचं ते लोण्यासारखं ऊन असतं, तेव्हा भरती यावी तर ती नवमी-दशमीची, भांगाची. पाणी जेमतेम वर येतं आणि पक्षी लांबच राहतात. म्हणून मी तडजोड करते, द्वादशी-त्रयोदशी. नऊ-पावणेदहाची भरती, पाणीही बरं, ऊनही सोसवणारं. द्वादशी रविवारी पडली की आमच्याकडे नाश्त्याला कालची पोळी असते.

तिथे गेलं की मंडळी आधीच आलेली असतात. तिपायांवर तोफांसारख्या लेन्स, अंगात पानापानांचे हिरवे कपडे, डोक्यावर तसलीच टोपी. आजूबाजूने पोपटी आणि नारिंगी टीशर्ट घालून अख्खं उपनगर पळत असतं, पण यांनी पक्ष्यांना कळू नये म्हणून जंगलाचा रंग घातलाय! माणसं मात्र भली. कोणी तरी चहाचा थर्मास उघडतं, कोणी तरी हमखास माझ्या कॅमेऱ्याचं सेटिंग दुरुस्त करतं. पांढरा बगळा काळ्याभोर पाण्यापुढे असला की कॅमेरा गोंधळतो, बगळ्याचा नुसता चुन्याचा डाग होतो, तेव्हा उजेड दोन घर कमी करायचा, हे मला तिथेच एका आजोबांनी शिकवलं.

रोहितांबद्दल कोणी सांगत नाही ती गोष्ट ही, की फोटोत ते बहुधा बिनडोक्याचे येतात. चोच उलटी करून, डोकं पाण्यात घालून ते शेवाळ गाळून खातात आणि हे काम तासन्‌तास चालतं. त्यामुळे दहा रोहितांच्या फोटोत नऊ धडं आणि अठरा काड्या. शिवाय निम्मे राखाडी, कारण लहान वयात ते गुलाबी नसतातच. त्या शेवाळातलं रंगद्रव्य पोटात जाऊन जाऊन रंग चढतो. दहावा डोकं वर करतो तेव्हा आपण लेन्स पुसत असतो.

डोक्याचं हे असं, तर शेपटीची तऱ्हा वेगळी. येऊरला एका हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक दिसला. पांढराशुभ्र नर, मागे फीत लावल्यासारखी हातभर शेपटी. बावीस फोटो काढले. एकाही फोटोत शेपटी पूर्ण नाही. घरी ‘हा बुलबुल का?’ असं विचारलं गेलं.

या छंदातला मुख्य उद्योग मात्र काटछाटीचा. फोटोत टॉवर नको, विजेचा खांब नको, पाण्यावरची तेलकट तवंगाची रेघ नको. ‘क्लीन बॅकग्राउंड’ हवं. मीही सुरुवातीला गुडघ्यावर बसून, वाकून, कसरती करून चाळीस मजली इमारत त्या रोहिताच्या मागून घालवायचे. मुलीला फोटो पाठवला तर तिने विचारलं, ‘‘आई, कच्छला कधी गेलीस?’’ मला कोण आनंद झाला होता!

मग पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत, जास्वंदीत शिंप्याने घरटं केलं. पान दुमडून, कडेने टाके घालून आत कापसाची गादी. आत दोन पिल्लं. नेमकं एक मोठं पान मध्ये येत होतं. मी घरून कात्री आणली आणि ते पान कापलं. एकच पान. त्या दिवशीचा फोटो आजवरचा माझा सर्वांत स्वच्छ फोटो आहे, पिल्लांच्या चोचीच्या पिवळ्या कडासुद्धा दिसतात. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं. कावळा की मांजर, मला माहीत नाही. पण ते पान कशासाठी तिथे होतं, हे त्यांना आणि शिंपिणीला माहीत असणार. तो फोटो मी कोणालाही दाखवलेला नाही आणि पुसलेलाही नाही.

त्यानंतर कात्री घरातच राहते आणि कॉम्प्युटरवरची काटछाटही मी बरीच सोडली. आता माझ्या फोटोंत सगळं असतं. कवड्या खंड्या बसलाय तो गंजक्या सळईवर, हे दिसतं. गेल्या डिसेंबरात थर्माकोलच्या तुकड्यावर बसून एक वंचक भरतीबरोबर निघाला होता, मान खांद्यात घालून, लोकलच्या खिडकीत बसलेल्या माणसासारखा. बसलेला असताना चिखलाच्या रंगाचा, कोणाला दिसायचा नाही; उडाला की पंख पांढरेफेक. म्हणून तर त्याचं नाव वंचक, म्हणजे ठक. पूर्वीची मी असते तर थर्माकोल गाळून उरलेला अर्धा बगळा ठेवला असता! ग्रुपवर टाकला तर कोणी तरी लिहिलं, ‘छान, पण बॅकग्राउंड डिस्टर्बिंग.’ मी अंगठा पाठवला.

एका गोष्टीत मात्र मी भांडखोर झालेय. हिवाळ्यात खाडीवर कुरव येतात, तेव्हा माणसं पुड्या फोडून त्यांना शेव आणि गाठिया घालतात, पक्षी घिरट्या घालतात, फोटो झकास येतात. मासे खाणाऱ्या पक्ष्याला बेसन-मीठ-तेल! आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून चरणाऱ्या थव्याच्या दिशेने टाळ्या वाजवणारे तर मला दोनदा भेटले. दोन्ही वेळा मी माझ्या वयाला न शोभणाऱ्या आवाजात ओरडले. थवा त्यानेही उडाला असता, ते नंतर लक्षात आलं.

२०१५ साली खाडीच्या एका भागाला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ठाणे खाडीचं नाव रामसर यादीत गेलं. मी मोठ्या कौतुकाने सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘रामसर? देवस्थान आहे का?’’ म्हटलं, नाही, इराणमधलं गाव आहे, तिथे १९७१ साली पाणथळ जागा राखायचा करार झाला. ‘‘बरं झालं,’’ म्हणाल्या, ‘‘कोणी तरी राखणारं हवंच.’’ आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

परवाच्या द्वादशीला मला उशीर झाला. भरती गाठता आली नाही आणि जे मिळालं ते असं : चार बिनडोक्याचे रोहित, मागे बांधकामाची क्रेन, डावीकडे तिवराचं झाड आणि खाली चिखलाचा पट्टा. टाकाऊ म्हणून पुसणारच होते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी टॅब मागून घेतला. त्या दोन बोटांनी फोटो मोठा करत गेल्या. रोहितांवर थांबल्याच नाहीत.

‘‘पाणी उतरतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे बघ, तिवराच्या खोडावर ओली रेघ वर राहिलीय. दहा वाजून गेले असतील.’’

मी फोटोची माहिती उघडली. दहा बावीस.

त्या अजून खाली सरकल्या. चिखल मोठा केला, आणखी मोठा केला. चष्मा कपाळावर चढवून टॅब नाकाशी धरला.

‘‘अगं, निवट्या! किती त्या... सात, आठ... ही बिळात चाललीय बघ.’’

मी पाहिलं. चिखलाच्याच रंगाचे, डोळे वर काढून बसलेले बोटभर मासे. त्या क्षणी तिथे उभी असूनही मला एकही दिसला नव्हता.

‘‘अकरा आहेत,’’ त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, ‘‘आज वार काय गं?’’

‘‘सोमवार.’’

‘‘हं,’’ म्हणाल्या, आणि टॅब परत दिला.