छातीवर आवळलेली मूठ

हशा तर पुष्कळ जण पिकवतात, पण ज्याला मी थोर स्टँड-अप कॉमेडियन म्हणेन, तो स्वतःची भीती मंचावर जिवंत उभी करतो. अमेरिकेतील रिचर्ड प्रायर यांचा १९७९ साली प्रदर्शित झालेला चित्रित प्रयोग यासाठी अवश्य पाहावा. स्वतःला आलेल्या हृदयविकाराच्या झटक्याची हकिकत सांगताना ते छातीवर मूठ आवळतात आणि त्यांचे हृदयच, डुकराचे मांस चापताना मरणाचा हा विचार कुठे गेला होता, असे त्यांना दरडावू लागते; मूठ पिळत जाते तसतसे ते खाली कोसळतात, आणि गयावया करणारा माणूस व त्याला छळणारे हृदय, दोघेही एकाच देहातून, कोणत्याही नेपथ्याशिवाय आपल्यासमोर येतात. प्रेक्षक पोट धरून हसतात, तरीही त्या कळवळण्यातले मरणाचे भय तसूभरही पातळ होत नाही.